दगडाचा आकार सर्वांत शेवटी पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विहीर खणताना गोल दगड निघाला की 'डायनासोरचे अंडे' आणि नांगराच्या तासात टोकदार दगड आला की 'आदिमानवाचे हत्यार', अशा बातम्या छायाचित्रासह छापून येतात आणि मग मोबाइलवर महिनोन्‌महिने फिरत राहतात. बहुतेक बातम्यांत पुरावा म्हणून एकच गोष्ट पुढे केलेली असते, दगडाचा आकार. नेमका तोच पुरावा सर्वांत कच्चा आहे. जीवाश्म ओळखायचा तर दगडाच्या आतली रचना पाहावी लागते. हत्यार ओळखायचे तर त्यावरच्या घावांचा क्रम वाचावा लागतो. आणि दोन्ही बाबतींत तो दगड कुठे, कशात, कशाच्या शेजारी पडला होता हे माहीत असावे लागते. वाचकांना स्वतः पडताळता येतील आणि आपल्या वार्ताहरांना बातमी देण्याआधी विचारता येतील अशा काही खुणा इथे देत आहे. साहित्य थोडेच लागते: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, विजेरी, कोनमापक आणि वही.

पहिला प्रश्न खडकाच्या जातीचा. जीवाश्म जवळजवळ नेहमी गाळाच्या खडकांत असतात, म्हणजे चुनखडक, शेल, वालुकाश्म यांसारख्यांत. ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर शिलारस थिजून होतो. त्यात हाड किंवा शिंपला असण्याचा प्रश्नच येत नाही. बेसॉल्ट लाव्हा थंड होऊन झालेला. लाव्हाने वेढलेल्या खोडाचा पोकळ साचा क्वचित उरतो, एवढा अपवाद सोडला तर त्याच्याही अंगात जीवाश्म नसतात. मात्र लाव्हाचे दोन थर पसरण्याच्या मधल्या काळात जी तळी साचली, त्यांच्या गाळात शंख, पाने, लाकूड, हाडे सापडू शकतात. तेव्हा 'बेसॉल्टमध्ये सापडले' आणि 'बेसॉल्टच्या दोन थरांमधल्या गाळात सापडले' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. बातमीत तो बहुधा पुसला जातो.

गोल दगड घडवण्यात बेसॉल्ट पटाईत आहे. भेगांमुळे त्याचे चौकोनी ठोकळे पडतात. पाणी ठोकळ्याच्या कोपऱ्यावर तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने काम करते. साहजिकच कोपरे आधी कुजतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गाभा उरतो. हे पापुद्रे पाहून लोकांना कवच आठवते. पण पापुद्रे अनेक असतात, त्यांची जाडी कमीजास्त होते आणि आतला गाभा त्याच खडकाचा, फक्त कमी कुजलेला असतो. दुसरा फसवा प्रकार लाव्हातल्या बुडबुड्यांचा. त्या पोकळ्यांत पुढे गारगोटी, अकीक किंवा झिओलाइट यांसारखी खनिजे भरतात. भोवतालचा खडक कुजला की या भरीव गोळ्या सुट्या पडतात. त्या अंडाकृती असतात, गुळगुळीत असतात, फुटल्या तर आत पट्टे किंवा स्फटिक दिसतात. यांतली एखादीच अंडे निघते.

त्या एखादीचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मध्य भारतातून गेलेला, सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा १८८३ पासून अकीक म्हणून नोंदलेला होता. तो गोल आहे हे सगळ्यांना दिसतच होते. खनिज विभागाच्या अभिरक्षक रॉबिन हॅन्सन यांनी २०१८ मध्ये एका प्रदर्शनात अकीक झालेले डायनासोरचे अंडे पाहिले आणि त्यांना संग्रहातला हा गोळा आठवला. अकीकाभोवतीचा कवचासारखा पातळ थर आणि तसेच दुसरे गोळे शेजारी टेकलेले असल्याच्या खुणा या आधारावर तो टायटॅनोसॉर गटातल्या डायनासोरचे अंडे असल्याचे तज्ज्ञांनी ठरवले. सव्वाशेहून अधिक वर्षे गोलाईने काहीच सांगितले नव्हते. निकाल दिला तो कवचाने आणि शेजाराने.

म्हणून अंड्याचा दावा आला की कवच मागावे. टायटॅनोसॉरच्या अंड्याचे कवच साधारण १ ते ३ मिलिमीटर जाड असते. फुटलेल्या कडेला भिंग लावले तर कॅल्साइटचे स्फटिक पृष्ठभागाला काटकोनात, आतून बाहेर वाढलेले दिसतात; बाहेरच्या अंगावर बारीक गाठींची खरबरीत नक्षी आणि छिद्रे असतात. अंडी सहसा एकटी नसतात. नर्मदेच्या खोऱ्यातून २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९२ घरटी आणि त्यांत मिळून २५६ अंडी नोंदली आहेत. अखंड गोळ्यापेक्षा कवचाचे विखुरलेले तुकडे हा कितीतरी भरवशाचा पुरावा, पण छायाचित्रात तो उठून दिसत नसल्याने त्याची बातमी होत नाही.

याउलट खनिजांच्या गाठी. गाळ अजून सैल असताना त्यातल्या पाण्यातून चुना, सिलिका किंवा लोह एखाद्या कणाभोवती साचत जाते आणि तेवढाच भाग सिमेंटसारखा घट्ट होतो. पुढे मऊ खडक झिजतो, गाठ उरते. ती ओळखण्याची एक खात्रीची खूण आहे: भोवतालच्या खडकातले थर गाठीच्या आतून तसेच आरपार गेलेले दिसतात, कारण ती गाठ त्याच गाळाची आहे. अंडे किंवा कवटी असती तर थर तिच्याभोवती वाकले असते किंवा तिच्यापाशी तुटले असते. दुसरी खूण मापांची. एकाच थरात वाटाण्याएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत सगळ्या मापांचे गोळे मिळाले तर त्या गाठी. एका जातीची अंडी मापाने जवळपास सारखी असतात. न्यूझीलंडमधल्या मोएराकी किनाऱ्यावरच्या गाठी तर दोन मीटरपर्यंत मोठ्या आहेत. काही गाठी आतून आक्रसून तडकतात, भेगांत कॅल्साइट भरते आणि वरून कासवाची पाठ वाटते. कासवाच्या पाठीवरचे खवले मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीने असतात. गाठीवरच्या भेगा वेड्यावाकड्या आणि आतपर्यंत गेलेल्या असतात. तरी गाठ दिसली की फेकून द्यावी असेही नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या मेझन क्रीकच्या गाठींतच पाने, कीटक आणि मऊ शरीराचे प्राणी अप्रतिम टिकले आहेत. फक्त ती घरी हातोडीने फोडू नये. चुकीच्या ठिकाणी फुटली तर आतल्या पानाचे दोन चेहरे मिळण्याऐवजी चुरा मिळतो.

दगडावर उमटलेल्या नेच्याच्या काळ्या 'पानांनी' तर पिढ्यान्‌पिढ्या फसवले आहे. खडकाच्या भेगेत शिरलेल्या पाण्यातून मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडे फांद्यांसारखी पसरत साचतात. खऱ्या पानाला मधली शीर असते, उपपर्णे ठरावीक अंतराने आणि ठरावीक कोनात फुटतात, पानाला कड असते. खनिजाच्या झाडाला यातले काही नसते. त्याचा उगम बहुधा भेगेच्या कडेला असतो आणि फांद्या जागा मिळेल तशा फुटतात. खरे पान थराच्या सपाटीवर पडते. हे 'पान' थराला छेदणाऱ्या भेगेवरही चढते, आणि तसे दिसले तर पुढे तपासायची गरज उरत नाही.

दगड झालेल्या लाकडाला तीन वेगळे चेहरे असतात: आडव्या काप्यावर एक, उभ्या काप्याचे दोन. तिन्ही बाजूंनी सारखेच दिसणारे पट्टे लाकडाचे नसतात. ते लोहाच्या पाण्याने पडलेले रंगाचे पट्टे किंवा मुळातले पातळ थर असतात. आडव्या काप्यावर भिंगातून ओळीने मांडलेली सूक्ष्म छिद्रे आणि मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेषा शोधाव्यात. वर्षवलये दिसलीच पाहिजेत असा आग्रह मात्र नको. बारमाही उबदार, ओल्या हवेत वाढलेल्या झाडांत ती अस्पष्ट असतात किंवा नसतातच.

हाडाची गोष्ट अशीच. बाहेर घट्ट, दाट कवच आणि आत जाळीदार भाग, आणि त्या जाळीला हाडाच्या लांबीप्रमाणे दिशा. सच्छिद्र बेसॉल्टची भोके गोल, एकमेकांपासून सुटी, वाटेल त्या मापाची असतात आणि बाहेर दाट कड नसते. हाड जिभेला चिकटते ही जुनी युक्ती अजून सांगितली जाते. चिकटते ते सच्छिद्रतेमुळे, आणि चिकणमाती, खडू, कुजलेला शेलही तितकाच चिकटतो. सिलिकाने पूर्ण भरलेले हाड चिकटत नाही. शेतातल्या, नाल्यातल्या दगडाला जीभ लावण्याची चूक त्यासाठी कशाला करायची?

पाऊलखुणांबद्दल थोडक्यात: एक खळगा म्हणजे पाऊल नव्हे. डावे-उजवे, सारख्या अंतराने, निदान तीन-चार पावलांची रांग हवी आणि पावलाभोवती दाबून वर आलेल्या चिखलाची कड हवी. टेक्सासमधल्या पॅलक्सी नदीच्या पात्रातली प्रसिद्ध 'माणसाची' पावले नीट पाहता डायनासोरचीच निघाली; त्यांच्या बोटांच्या खुणा गाळाने भरल्या किंवा झिजल्या होत्या, काही तर निव्वळ झिजेचे खळगे होते.

एक प्रश्न तज्ज्ञांकडूनही निसटतो: ही आकृती दगडात आहे की दगडावर? मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या एका शैलाश्रयाच्या छतावरची पानासारखी आकृती म्हणजे डिकिन्सोनिया या पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म, असा शोधनिबंध २०२१ मध्ये आला आणि जगभर गाजला. भूवैज्ञानिकांच्या दुसऱ्या एका गटाने जागेवर जाऊन पाहिले तर ती आकृती खडकावरून सुटत चालली होती आणि तिच्यात पोळ्याची घरे दिसत होती. ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्या संशोधकाने ते मान्य केले, हे त्यांच्या मोठेपणाचे. दावा आणि दुरुस्ती यांना वृत्तपत्रांतून किती जागा मिळाली, याची तुलना आपण संपादक म्हणून करून पाहावी. याच्याही आधी, १८६५ मध्ये, कॅनडातल्या खडकांतल्या पट्ट्यांना एओझोऑन असे नाव देऊन ते आदिजीव ठरवले गेले होते. १८९४ मध्ये तसेच पट्टे व्हेसुव्हियस ज्वालामुखीने बाहेर फेकलेल्या चुनखडकाच्या शिळांत सापडले. खडक तापला की खनिजे अशी पट्ट्यांत वेगळी होतात, आणि ज्वालामुखीच्या पोटात आदिजीव वाढले असे म्हणायला कोणी धजावले नाही.

आता हत्यारांकडे. इथे चुकायला जागा जास्त, कारण हत्यारही दगडच आणि त्याच्या आत वेगळी रचना नसते. सगळे काही फुटण्याच्या तऱ्हेवर असते. चर्ट, फ्लिंट, अकीक, जास्पर, ऑब्सिडियन, बारीक दाण्याचा क्वार्टझाइट किंवा बेसॉल्ट अशा एकजीव खडकावर काठाच्या आत काही मिलिमीटरवर दगडी हातोड्याचा घाव बसला की त्या बिंदूपासून भेग शंकूसारखी पसरते आणि छिलका सुटतो. छिलक्याच्या आतल्या बाजूला चार गोष्टी शोधाव्यात: घाव बसला तो लहानसा सपाट भाग, त्याच्या लगेच खाली फुगवटा, फुगवट्यावर कधीकधी उडालेला छोटा टवका, आणि घावाच्या बिंदूपासून बाहेर जाणाऱ्या लाटा. ज्या गाभ्यातून छिलका निघाला त्यावर याचा उलटा ठसा, म्हणजे फुगवट्याच्या जागी खळगा, उरतो. जाड दाण्याच्या क्वार्टझाइटवर लाटा दिसत नाहीत. तिथे विजेरी जवळजवळ पृष्ठाला समांतर धरून फुगवटा सावलीने शोधावा. खडकाच्या शिरेतली पांढरी गारगोटी अशी शिस्तीत फुटत नाही, ती मनमानी फुटते. तिच्यावर फुगवटा न दिसणे हा हत्यार नसल्याचा पुरावा होत नाही.

उन्हाने, वणव्याने किंवा गोठणाऱ्या पाण्याने उडालेला टवका वेगळा असतो. उथळ, गोल खळगी पडते, पण काठावर घावाचा बिंदू नसतो. वलये असलीच तर ती खळगीच्या मध्याभोवती असतात, कारण जोर आतून आलेला असतो.

फुगवटा सापडला की पुष्कळांना काम झाले असे वाटते. खरे तर इथून पुढेच अवघड भाग आहे. कड्यावरून पडलेला दगड, पुरात आदळलेला गोटा, नांगराचा फाळ, खडी फोडण्याचे यंत्र, हे सगळेच फुगवट्यासकट छिलका काढू शकतात. माणूस वेगळा ओळखू येतो तो एका घावाने नाही, पाठोपाठच्या घावांमुळे. छिलक्याची बाहेरची बाजू पाहावी: आधी काढलेल्या छिलक्यांच्या खाचा तिथे आहेत का, आणि त्यांची दिशा काही एक ठरलेली आहे का? हातकुऱ्हाडीवर दोन्ही अंगांना, काठापासून मध्याकडे गेलेल्या खाचा असतात आणि त्यांच्यातून सलग धार तयार झालेली असते. कोणती खाच आधीची हे कळते. ज्या खाचेचा काठालगतचा खळगा अखंड आहे ती नंतरची. जिचा खळगा शेजारच्या खाचेने कापला आहे ती आधीची. वहीत दगडाची बाह्यरेषा काढून प्रत्येक खाचेत बाण काढावा आणि क्रमांक टाकावा. घडवलेल्या दगडावर हा क्रम जुळतो: एक छिलका काढला, दगड उलटला, त्याच खाचेचा आधार घेऊन दुसऱ्या अंगाचा काढला. नैसर्गिक दगडावर बाण चहूकडून येतात आणि क्रमाला अर्थ लागत नाही. हे चित्र काढायला अर्धा तास लागतो आणि तेवढ्यात निम्मी 'हत्यारे' आपोआप गळतात.

कोनाचीही परीक्षा आहे. ज्या सपाटीवर घाव बसला ती आणि छिलका निघालेली खाच यांच्यातला कोन मोजावा. माणूस ९० अंशांपेक्षा कमी कोनाची कड निवडतो, कारण विशाल कोनावर छिलका नीट निघत नाही. निसर्गाला निवड नसते. अल्फ्रेड बार्न्स यांनी १९३९ मध्ये मांडलेला निकष असा की, मानवी हत्यारांच्या समूहात ९० किंवा अधिक अंशांचे कोन पंचवीस टक्क्यांहून जास्त नसावेत. एका दगडावर हा निकष लावण्यात अर्थ नाही, तो समूहासाठी आहे. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर आक्षेपही घेतले आहेत, पण चाळणी म्हणून तो आजही उपयोगी पडतो.

समूहाचा मुद्दा जरा विस्ताराने सांगतो, कारण मोठमोठे लोक इथेच घसरले. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात बेंजामिन हॅरिसन या किराणा दुकानदाराने फ्लिंटचे ओबडधोबड तुकडे गोळा केले, आणि जोसेफ प्रेस्टविच यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञाने त्यांना पाठिंबा दिल्यावर 'उषःकालीन हत्यारे' म्हणून त्यांच्यावर दशकानुदशके वाद चालला. १९०५ मध्ये मार्सेलां बूल यांनी फ्रान्समधल्या मांतजवळच्या सिमेंट कारखान्यात, खडू आणि माती कालवणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे फ्लिंटचे तुकडे तपासले. तिथे हुबेहूब तीच 'हत्यारे' रोज तयार होत होती. त्याच सुमारास हॅझलडीन वॉरन यांनी फ्लिंटवर दाब देऊन तसेच टवके उडवून दाखवले. तरीही १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलिको टेकड्यांत आफ्रिकेतल्या आदिमानवाच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेल्या लुई लीकींच्या पुढाकाराने उत्खनन सुरू झाले आणि पुन्हा तेच झाले. डोंगरातून वाहून येऊन पंख्यासारख्या पसरलेल्या गोट्यांच्या थरात असंख्य दगड एकमेकांवर आपटून फुटलेले होते. त्यांतून हत्यारासारखे वेचून काढले की ते हत्यारासारखेच दिसणार. बहुसंख्य पुरातत्त्वज्ञ त्यांना नैसर्गिक मानतात. लुईंच्या पुरातत्त्वज्ञ पत्नी मेरी लीकींनाही ती हत्यारे असल्याचे पटले नव्हते.

यावर उपाय सोपा आहे. 'चांगले' दगड वेचू नयेत. दोरीने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखावा आणि त्यातला मुठीएवढा ते नखाएवढा प्रत्येक दगड मोजावा: किती न फुटलेले, किती फुटलेले, कितींवर फुगवटा, कितींवर दोनापेक्षा जास्त खाचा. साध्या दगडापासून 'हत्यारा'पर्यंत अखंड चढण दिसली, म्हणजे थोडे फुटलेले, जरा जास्त फुटलेले, आणखी फुटलेले, तर निसर्गाचा हात समजावा. घडवण्याच्या जागी चित्र तुटक असते: गाभे, त्यांतून निघालेले छिलके, बारीक चुरा आणि थोडी पूर्ण हत्यारे. नशीब असेल तर छिलका गाभ्यावर परत बसवताही येतो.

आणि हेही पुरेसे नाही, असे अलीकडे माकडांनी दाखवून दिले आहे. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिवारा इथली कॅपुचिन माकडे दगडावर दगड आपटतात आणि त्यातून फुगवट्यासकट धारदार छिलके पडतात; पण ते छिलके ही माकडे वापरत नाहीत. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ मध्ये थायलंडच्या लांब शेपटीच्या माकडांबद्दलही तसेच कळले, ती कठीण फळे फोडताना. छिलका आहे एवढ्यावरून घडवण्याचा हेतू सिद्ध होत नाही.

धारेवरचे बारीक टवके हा आणखी एक सापळा. मुद्दाम घडवलेल्या धारेवर ते एकाच अंगाला, सारख्या मापाचे, एकमेकांना लागून आणि काही लांबीपर्यंत सलग असतात. गुरांच्या खुरांखाली किंवा गाडीच्या चाकाखाली उडालेले टवके दोन्ही अंगांना, सुटेसुटे, लहानमोठे असतात. रंग पाहावा. सगळ्या खाचांवर सारखीच जुनाट झाक असेल तर त्या एका काळातल्या. एखादी खाच ताजी, उजळ रंगाची असेल तर ती कालपरवाची. संपूर्ण दगड उजळ, कडा करकरीत आणि आसपास तशीच खडी असेल तर रस्त्याचे काम आठवावे. सुरुंगाच्या भोकाची अर्धगोल खाच दगडाच्या अंगावर असली तर मग बोलायलाच नको.

'हातात बरोबर बसतो' हा सर्वांत लाडका आणि सर्वांत निरुपयोगी पुरावा. हाताची बोटे कुठल्याही मुठीएवढ्या दगडावर जागा शोधतात. वाळवंटातला वारा वाळूने घासून तीन कडांचे दगड बनवतो, तेही हातात छान बसतात.

घासून गुळगुळीत केलेल्या नवाश्मयुगीन कुऱ्हाडींचे निकष वेगळे. नदीचा गोटा सगळीकडून सारखा गोल होतो. कुऱ्हाडीच्या धारेपाशी दोन सपाट उतार एका रेषेत मिळतात आणि भिंगातून घासल्याच्या समांतर रेघा दिसतात. पात्याच्या मागच्या भागावर ठोकून घडवल्याचे बारीक टोचे बहुधा शिल्लक असतात. हातोड्याच्या दगडावर असे टोचे एकाच टोकाशी दाट जमलेले असतात, गोट्यावर ते विखुरलेले असतात. सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बारीक दगडी पाती, बहुतेक एक ते चार सेंटिमीटरची. एक कड धारदार आणि समोरची कड मुद्दाम काटकोनात बोथट केलेली. ती बोथट कड दिसली तर शंकेला फारशी जागा राहत नाही.

शेवटी जागा. दक्षिण आफ्रिकेतल्या मकापान्सगट गुहेत १९२५ मध्ये माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा, सुमारे २६० ग्रॅमचा तांबूस जास्परचा गोटा सापडला. चेहरा निसर्गाने कोरलेला, त्यावर एकही मानवी घाव नाही. तरी तो मोलाचा, कारण तो दगड त्या गुहेच्या परिसरातला नाही आणि तीस लाख वर्षांपूर्वीच्या थरात पडलेला होता. कोणीतरी तो उचलून आणला असावा. त्याच गोट्याची जागा नोंदली नसती तर तो शोभेचा दगड ठरला असता. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरम इथे हातकुऱ्हाड मिळाली आणि भारतातल्या पुराश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी आणि विल्यम किंग यांनी अत्तिरम्पाक्कम हे स्थळ शोधले. तिथली हत्यारे सुमारे पंधरा लाख वर्षे जुनी असल्याचे २०११ मध्ये सांगता आले, ते हत्यारे थरात जागेवर होती म्हणूनच. वय निघाले ते गाळाच्या चुंबकत्वावरून आणि गाडले गेलेल्या क्वार्टझमध्ये विश्वकिरणांमुळे तयार झालेल्या ॲल्युमिनियम आणि बेरिलियमच्या किरणोत्सारी अणूंवरून. घराच्या कपाटातल्या हातकुऱ्हाडीला वय विचारायची सोय नसते.

म्हणून संशयास्पद दगड दिसला तर आधी उचलू नये. लांबून एक, मध्यम अंतरावरून एक आणि जवळून एक छायाचित्र घ्यावे. जवळच्यात मिलिमीटरची पट्टी दगडाच्या पृष्ठाच्याच पातळीवर ठेवावी, खाली ठेवली तर माप चुकते. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत, दगड थरात होता की जमिनीवर सुटा, थर कसला, किती खोलीवर, हे लिहावे. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तम. फ्लॅश वापरला की खाचा सपाट होतात. हत्यार असेल तर दोन्ही अंगे, दोन्ही कडा आणि दोन्ही टोके, अशी सहा छायाचित्रे लागतात. जीवाश्मासाठी फुटलेल्या कडेचे एक जवळून घेतलेले चित्र बाकी सगळ्यांपेक्षा उपयोगी. थरात रुतलेले काही उकरू नये. कित्येक देशांत तो गुन्हाही आहे.

दगड धुऊ नये. धारेवरच्या फटीत वनस्पतीचे पिष्टकण राहिलेले असू शकतात आणि त्यांच्यावरून हत्यार कशासाठी वापरले हे कळते. तारेचा ब्रश, व्हिनेगर, पातळ आम्ल, वार्निश, खडूने खाचा रंगवणे, यांतले काही नको. आम्लाने चुनखडकातला शिंपला खडकासकट विरघळतो. जे दगड उचलणे अटळ असेल, उदाहरणार्थ खोदकामाचे यंत्र पुढे सरकतेच आहे, ते प्रत्येकी वेगळ्या कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. एकाच पिशवीत खडखडत नेले तर धारांवर नवे टवके उडतात आणि पुढे तेच कोणीतरी मानवी कारागिरी म्हणून वाचतो. चिठ्ठी पिशवीत ठेवावी, दगडावर काही लिहू नये. मग विद्यापीठाच्या भूशास्त्र किंवा पुरातत्त्व विभागाला अथवा संग्रहालयाला आधी छायाचित्रे आणि नोंद पाठवावी, दगड नंतर.

आपल्या वार्ताहरांसाठी माझी मागणी छोटी आहे. बातमीत पाच गोष्टी असाव्यात: खडकाची जात, सापडल्याची नेमकी स्थिती, पट्टीसह किमान दोन बाजूंची छायाचित्रे, तज्ज्ञाने दगड हातात घेऊन पाहिला की फक्त मोबाइलवर, आणि त्याने कोणत्या खुणेवरून मत दिले. शेवटच्याचे उत्तर 'आकारावरून' असे आले तर शीर्षकात 'अंडे' किंवा 'हत्यार' न लिहिता 'दगड' लिहावे. ठिकाणाचा नकाशा मात्र छापू नये. खरोखर काही असेल तर आठवड्याभरात लोक ते खणून नेतात.

आपला,
भूशास्त्र आणि पुरातत्त्वाचा एक अभ्यासक